नमुना सतरा

बाटलीवर मॅडमच्या अक्षरात लिहिलंय: सत्तर टक्के.
टेबल मी त्यानंच पुसतो.
नुसत्या शंभर टक्क्यानं जंतू नीट मरत नाहीत,
थोडं पाणी लागतंच, असं त्या म्हणाल्या
तेव्हा मला आतल्या आत हसू आलं.
पाणी किती घालायचं
हे आम्हाला काय शिकवता.

अंबाजोगाईत दवाखान्याच्या मागं दोन खोल्या.
लाइट गेली की रक्त फिरवायचं यंत्र
जत्रेतल्या पाळण्यासारखं हळूहळू थांबतं
आणि तहसीन पटेल मॅडम जनरेटरवाल्याच्या नावानं
गेवराईकडचं काहीतरी पुटपुटतात.
त्यांनी जिभेला थेंब लावला नाही कधी.
पण थेंबाथेंबाचा हिशेब त्यांच्या वहीत:
कोण रोज, कोण बाजाराच्या दिवशी,
कोण पोळ्यापुरतं म्हणून सुरू केलं ते दिवाळी ओलांडून गेलं.
हातभट्टीवाले वेगळे. देशीवाले वेगळे.

न पिणाऱ्यांची वही मात्र भरेना.
तीस दंड हवे होते, सोळावर गाडी अडली.
"लिंबराज, तुम्ही घेता का?"
"नाही जी," म्हणालो,
आणि बाही वर केली.

आठ दिवसांनी त्यांनी हाक मारली.
"या, डोळा लावा."
आधी नमुना नऊ: आठवडाभर काचेत पोसलेली
एक गोल जांभळी पेशी, पोटात जंतू गच्च,
संक्रांतीच्या सुगडात तीळ भरावेत तसे.
"हिचं कामच ते. दिसला की गिळायचा."
मग काच बदलली.
तशीच पेशी. तसेच तीळ.
पण सगळे बाहेर, तिच्या कडेला लागून.
"ही आली," मॅडम म्हणाल्या, "वेळेवर आली.
शेजारी उभी आहे.
तोंड उघडत नाहीये."

काचेवरचा आकडा मी वाचला नाही.
काच मीच धुतली होती, आकडा मीच चिकटवला होता.

तुळशीराम, माझा धाकटा,
क्षयाच्या वॉर्डात खिडकीकडची खाट.
रोज संध्याकाळी जायचो. वेळेवर जायचो.
खाटेशेजारी उभा राहायचो.
त्याला वास यायचा, तो तोंड फिरवून खोकायचा,
आणि म्हणायचा, "आलास का, भाऊ?"
त्याचा पहिला ग्लास
केजच्या रस्त्यावर, टपरीमागं,
मीच भरून दिला होता.
पाणी बेतानं घालून.

"एका नमुन्यावरून मी काही म्हणणार नाही,"
मॅडम चष्मा पुसत होत्या.
"जागरणानं असं होतं. साखरेनं होतं.
कधी आमच्याच हातून काही चुकतं.
एका माणसावरून काहीच सिद्ध होत नसतं, लिंबराज."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
त्यांनी दार उघडं ठेवलं होतं
आणि त्यातून मला निघून जाता आलं असतं,
टेबल पुसायला, उंदरांना दाणा टाकायला, कुठंही.
फ्रीजची घरघर तेवढी चालू होती.

"मॅडम, मी खोटं बोललो."

त्या काही बोलल्या नाहीत.
वही ओढली, सतराव्या ओळीवर
पट्टी ठेवून एक रेघ मारली.
एकच. खालचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.
मला वाटलं, गिरगटून टाकतील.
"गिरगटायचं नसतं," त्या म्हणाल्या,
"काय चुकलं ते पुढच्याला दिसायला पाहिजे."
बाजूला सही केली, तारीख टाकली.
मग दुसरी वही उघडली,
पेन्सिलीला टोक केलं, आणि विचारलं
जसं सगळ्यांना विचारतात तसं,
मान वर न करता:

"किती वर्षं?"
"एकोणीस."
"रोज?"

बाहेर लाइट आली असावी,
यंत्र आपोआप फिरायला लागलं.
"रोज," मी म्हणालो.
"किती?"

मग मी हाताच्या बोटांनी ग्लासाची उंची दाखवली,
आणि पाण्याची रेघ कुठं येते
तेही दाखवलं.